किडनीची रात्रपाळी

माझ्या काकांनी इचलकरंजीत यंत्रमागावर तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता वय 66. साखर पंधरा वर्षांपासून आहे, आणि गेली चार वर्षं किडनीचा आजार, क्रिएटिनीन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा) 2.4 च्या आसपास असतं. दर महिन्याला दवाखान्यात बीपी बघायचे, ते 130-80 च्या मागेपुढे यायचं. आम्ही सगळे निश्चिंत होतो. पण लघवीतलं प्रोटीन वाढतच होतं आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा हृदयाची भिंत जाड झालेली दिसली. मग नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, 24 तासांचं बीपी मशीन दंडाला बांधून काकांना घरी पाठवलं. दिवसाची सरासरी आली 136-80. झोपेतली आली 148-82.

"मी झोपलेला असतोय की, मग बीपी कशाला चढतंय?" काकांनी विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर मला समजायला बरेच दिवस लागले. समजलं तेव्हा वाटलं, किडनीचा आजार असलेल्या प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं, कारण दवाखान्यात मोजलेल्या बीपीवर आपण जितका विश्वास टाकतो तितका या आजारात टाकता येत नाही.

झोपेत बीपी कुठे असायला हवं

निरोगी माणूस झोपला की त्याचं बीपी दिवसाच्या सरासरीपेक्षा 10 ते 20 टक्क्यांनी खाली येतं. शरीर आडवं झालेलं असतं, सतत सावध ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा जोर ओसरतो, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात. 1969 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांच्या धमनीत बारीक नळी ठेवून, त्यांना नेहमीचे व्यवहार करू देत, दिवसरात्र दाब नोंदवला. झोपेत तो किती खोल जातो हे त्या आलेखांत स्वच्छ दिसलं. पुढे 1988 मध्ये डब्लिनचे डॉ. ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांचं बीपी रात्री उतरतं ते 'डिपर' आणि ज्यांचं उतरत नाही ते 'नॉन-डिपर' अशी नावं पाडली. आजही रिपोर्टवर हेच शब्द छापून येतात. बीपी उतरायचं सोडून उलट चढत असेल, तर 'रिव्हर्स डिपर' किंवा 'रायझर' लिहितात. काकांच्या रिपोर्टवर हाच शब्द होता.

हिशोब सोपा आहे. दिवसाची वरची सरासरी 140 असेल तर तिचे 10 टक्के 14. म्हणजे झोपेत ती 126 किंवा त्याखाली यायला हवी. 133 आली, तर उतार फक्त 5 टक्क्यांचा. असा माणूस नॉन-डिपर. याशिवाय रात्रीच्या आकड्याला स्वतःची मर्यादाही आहे. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपेतली सरासरी 120-70 किंवा त्याहून जास्त असेल तर तो रात्रीचा उच्च रक्तदाब. अमेरिकेतल्या सूचनांमध्ये ही रेघ आणखी खाली, 110-65 वर आहे. दवाखान्यात 130-80 बघून आपण 'बरं आहे' म्हणतो. झोपेत तेच बीपी जास्त ठरतं.

इथे 'रात्र' म्हणजे घड्याळातली रात्र नव्हे, झोपेची वेळ. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्याची 'रात्र' सकाळी आठला सुरू होते. मशीन बांधताना हे सांगितलं नाही तर सगळा रिपोर्ट चुकीचा वाचला जाईल.

मीठ दिवसा संपत नाही

किडनीच्या आजारात बीपी रात्री का उतरत नाही, याची कारणं बरीच आहेत. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मिठाचं. ते नीट समजलं की बाकीची बरीचशी गोष्ट आपोआप उलगडते.

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्या पाण्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळणीतून उतरतं. अर्थात ते सगळं लघवीतून गेलं तर माणूस जगणार नाही. पुढच्या बारीक नळ्या 99 टक्क्यांहून जास्त मीठ परत ओढून घेतात आणि जेवणातून आलेलं तेवढंच, म्हणजे आठ-दहा ग्रॅम, बाहेर सोडतात. इतक्या मोठ्या उलाढालीतून एवढीशी बाकी अचूक काढायची, आणि तीही रोज. प्रत्येक किडनीत अशी साधारण दहा लाख गाळणी-एककं असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. निरोगी किडनी हे मिठाचं काम मुख्यतः दिवसा उरकते. रात्री लघवी कमी होते, तिच्यातलं मीठही कमी होतं. म्हणूनच आपण सलग झोपू शकतो.

आता नेफ्रॉन निम्म्याहून जास्त निकामी झालेत असं समजा. जेवणातलं मीठ मात्र तेवढंच येतंय. उरलेल्या नेफ्रॉनना ते दिवसभरात बाहेर टाकणं जमत नाही. मग शरीराकडे एकच जोरदार उपाय राहतो: बीपी वाढवायचं. दाब वाढला की किडनी जास्त मीठ सोडते. हा शरीराचा जुना नियम आहे. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी आपल्या संशोधनाचा मोठा भाग त्यावरच उभा केला. दिवसाचं काम दिवसा संपलं नाही, तर रात्रीही यंत्र चालू ठेवावं लागतं, आणि यंत्र चालवायला दाब लागतो.

काकांना मी एवढंच सांगितलं: "तुमच्या किडनीला रात्रपाळी लागली आहे. दिवसाचा माल पडून राहिलाय." मागावर आयुष्य घालवलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज पडली नाही.

हे जपानमधल्या नागोयाच्या डॉक्टरांनी मोजूनही दाखवलं आहे. 2004 साली मिचिओ फुकुदा आणि सहकाऱ्यांनी किडनीच्या रुग्णांचं 24 तासांचं बीपी आणि दिवसा-रात्रीच्या लघवीतलं सोडियम एकत्र तपासलं. किडनीचं काम जितकं घटलेलं, तितकं दिवसाच्या तुलनेत रात्रीचं बीपी जास्त होतं, आणि रात्री बाहेर पडणारं मीठही जास्त होतं. दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालत होत्या.

किडनीच्या बऱ्याच रुग्णांना रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, त्याचाही याच्याशी संबंध आहे. (प्रोस्टेट आणि वाढलेली साखर यांमुळेही असं होतं, म्हणून नुसत्या उठण्यावरून निदान करू नये.) काकू वर्षभर सांगत होत्या, "हे रात्री तीनदा उठतात." आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. काकूंची ती तक्रार डॉक्टरांपर्यंत पोचायला हवी होती.

पायांवरची सूज रात्री जाते कुठे

किडनीच्या रुग्णाचे पाय संध्याकाळी सुजलेले असतात आणि सकाळी सूज उतरलेली असते. घरातल्यांना हायसं वाटतं. पण ते पाणी शरीराबाहेर गेलेलं नसतं. माणूस आडवा झाला की ते पायांतून परत रक्तात येतं. झोपेत रक्तवाहिन्यांमधलं पाणी वाढतं आणि दाबही वाढतो.

त्यातलं काही पाणी मानेकडेही सरकतं, आणि तिथून दुसरा त्रास सुरू होतो. घशाभोवती सूज आली की श्वासाची वाट अरुंद होते. माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकतो, काही सेकंद पूर्ण शांतता, मग एकदम धाप. हा स्लीप अ‍ॅप्निया. किडनीच्या आजारात तो बराच आढळतो. प्रत्येक वेळी श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो, शरीर घाबरून जागं होतं आणि बीपी उसळतं. रात्रभरात हे कितीही वेळा घडू शकतं आणि झोपलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो सकाळी 'झोप नीट झाली नाही' एवढंच म्हणतो. शेजारी झोपणाऱ्या माणसाने जे पाहिलं ते डॉक्टरांना सांगणं म्हणूनच फार मोलाचं.

आजारी किडनी आणखी एक गोष्ट करते. ती मेंदूकडे सतत धोक्याचे संदेश पाठवत राहते आणि रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकं सोडते. झोपेत जे मज्जातंतू शांत व्हायचे, ते जागेच राहतात. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू स्वतःच बिघडलेले असतात. काकांसारख्यांच्या बाबतीत हे सगळं एकावर एक साचत जातं.

झोपेतला दाब इतका का खुपतो

झोप म्हणजे दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढा वेळ हृदय आणि रक्तवाहिन्यांना विसावा मिळायला हवा, तो मिळत नाही. वाढलेल्या दाबाविरुद्ध रात्रंदिवस रक्त ढकलून हृदयाची भिंत जाड होते. किडनीवरचा परिणाम तर जास्त थेट आहे. निरोगी किडनीत गाळणीच्या तोंडाशी असलेली बारीक रक्तवाहिनी नळाच्या तोटीसारखी काम करते. बाहेरचा दाब वाढला की ती आवळते आणि गाळणीला धक्का लागू देत नाही. आजारी किडनीत ही तोटी ढिली पडते. सगळा दाब थेट गाळणीवर येतो, जाळी फाटत जाते, प्रोटीन लघवीत गळू लागतं, आणखी नेफ्रॉन बाद होतात. नेफ्रॉन कमी झाले की मिठाचा ढीग वाढतो, म्हणजे रात्रीचा दाब आणखी वाढतो. असं हे दुष्टचक्र आहे.

इटलीतल्या 436 किडनीच्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. पुढे कोणाला हृदयविकार होईल आणि कोणाची किडनी निकामी होईल याचा अंदाज 24 तासांच्या नोंदीवरून आला. दवाखान्यातल्या बीपीवरून आला नाही. रात्री बीपी न उतरणाऱ्यांना धोका जास्त होता. स्पेनमधल्या 59,000 हून अधिक लोकांच्या नोंदींतूनही 2023 मध्ये हेच पुढे आलं, की मृत्यूच्या धोक्याशी सगळ्यात घट्ट नातं झोपेतल्या वरच्या बीपीचं आहे. आणि हा दाब किती लपून राहतो? अमेरिकेत आफ्रिकन वंशाच्या, बीपीमुळे किडनी बिघडलेल्या लोकांवर 'आस्क' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात दवाखान्यात बीपी आटोक्यात दिसणाऱ्यांपैकी 70 टक्के लोकांचं बीपी बाहेर आटोक्यात नव्हतंच. हा आकडा वाचला आणि मी काकांची जुनी फाइल पुन्हा काढून बसलो. पानापानावर 130-80.

मोजायचं कसं

24 तासांच्या मशीनला डॉक्टर एबीपीएम म्हणतात. दंडावर पट्टा, कमरेला छोटी पेटी. दिवसा दर 15 ते 30 मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या ते एक तासाने पट्टा फुगतो. फुगताना हात सैल सोडून स्थिर ठेवायचा, बस्स. किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, गोळ्या कधी घेतल्या, हे कागदावर लिहून ठेवायचं. रात्रीच्या किमान सात नोंदी नीट मिळाल्या तरच रिपोर्ट भरवशाचा धरतात. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) केलेला असेल तर त्या हाताला पट्टा कधीही बांधायचा नाही. बांधणाऱ्याला हे आपणच बजावून सांगावं.

पट्टा फुगल्याने काही जणांची झोप मोडते आणि आकडा वर जातो, हे खरं आहे. रात्र अगदीच वाईट गेली असेल तर तसं सांगावं. तपासणी पुन्हा करता येते. पण रात्री दोनला गजर लावून, उठून बसून घरच्या मशीनवर बीपी मोजण्यात अर्थ नाही. ते जाग्या माणसाचं बीपी. काही नव्या घरगुती मशीनमध्ये झोपेत आपोआप मोजण्याची सोय असते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारता येईल. तेही नसेल तर सकाळी उठल्यावर गोळ्यांच्या आधी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दंडाच्या मशीनने, आठवडाभर नोंदी ठेवा. त्यातून रात्रीचं चित्र दिसत नाही, पण एकट्या दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा ते बरंच खरं असतं.

उपाय: आधी मीठ

काम उरलेलं आहे ते मिठाचं, म्हणून उपायाची सुरुवातही तिथूनच. 1997 साली जपानी डॉक्टरांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचं मीठ खूप कमी केलं, तेव्हा नॉन-डिपर असलेल्यांचं बीपी रात्री उतरू लागलं. माल कमी आला, रात्रपाळी सुटली.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट लहान चमचाभर. किडनीच्या रुग्णांसाठीच्या सूचनाही साधारण तेवढ्याच आहेत. आमच्याकडे भाजी-आमटीतलं मीठ काकूंनी कधीच कमी केलं होतं. घोळ दुसरीकडे होता. काकांचा खर्डा, चारच्या चहाबरोबर मूठभर भडंग, जेवणात भाजलेला पापड, लोणच्याची फोड, ताकात चिमूटभर मीठ. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असतं. पाव, बिस्किटं, फरसाण, तयार मसाले, सुकट-बोंबील यांत किती मीठ जातं याचा जिभेला अंदाजच येत नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो; त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. अ‍ॅसिडिटीवरची फसफसणारी पावडरही सोडियमचीच. मात्र डॉक्टरांनी सोड्याच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्या रक्तातलं आम्ल कमी करायला असतात.

दोन गैरसमज मला फार ठिकाणी भेटले. एक, सैंधव चालतं. चालत नाही, तेही बहुतांशी तेच सोडियम क्लोराइड आहे. दुसरा जास्त धोक्याचा: 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं ते वापरायचं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आजारी किडनीला पोटॅशियम बाहेर टाकणं जमत नाही, आणि टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते आणखी साठतं. पोटॅशियम खूप वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेततं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका.

लघवी वाढवून मीठ बाहेर काढणाऱ्या गोळ्या हा दुसरा मार्ग. क्लोरथॅलिडोन नावाची जुनी, स्वस्त गोळी किडनी फार खराब झाली की चालत नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2021 मध्ये अमेरिकेतले डॉ. राजीव अगरवाल यांच्या अभ्यासाने ते खोडून काढलं. चौथ्या टप्प्याचा किडनीचा आजार असलेल्या 160 जणांवर तो झाला. बारा आठवड्यांत ही गोळी घेणाऱ्यांचं 24 तासांचं वरचं बीपी, खोटी गोळी घेणाऱ्यांच्या मानाने, दहाहून अधिक अंकांनी जास्त उतरलं. चक्कर, पोटॅशियम घटणं, क्रिएटिनीन तात्पुरतं वाढणं असे त्रास त्यात दिसले, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. स्लीप अ‍ॅप्निया निघाला तर त्याचा उपचार वेगळा. डायलिसिसवर असलेल्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठं औषध म्हणजे ड्राय वेट नीट साधणं, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी पुरेसं काढणं. त्यांचं बीपी एका डायलिसिसपासून पुढच्यापर्यंत चढत जातं.

मग बीपीच्या गोळ्या रात्री घ्याव्यात का? मोबाइलवर याचे संदेश फिरत असतात. 2019 मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासाने रात्री गोळी घेतल्याने मोठा फायदा होतो असं सांगितलं. त्याच्या पद्धतीवर पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये 21,000 हून अधिक लोकांवर, सरासरी पाच वर्षं, 'टाइम' नावाचा अभ्यास झाला. 2022 मध्ये निकाल आला: सकाळी घ्या किंवा रात्री, हृदयविकार आणि पक्षाघातात फरक नाही. किडनीच्या रुग्णांवरच्या एका छोट्या अमेरिकी चाचणीतही नुसती वेळ बदलून रात्रीचं बीपी उतरलं नव्हतं. मला हे पटतं. दिवसाचा माल शिल्लक असेल तर गोळीची वेळ बदलून पाळी कशी सुटणार? लघवीची गोळी तर रात्री घेतली की झोपेचंच नुकसान. काही वयस्क माणसांचं बीपी रात्री मुळातच फार खाली जातं. त्यांनी स्वतःहून गोळ्या रात्रीवर नेणं धोक्याचंच. ज्या वेळी विसरत नाही ती वेळ चांगली, आणि बदल करायचाच तर डॉक्टरांशी बोलून.

काकांचा भडंग बंद झाला, खर्डा आठवड्यातून एकदा आला, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि दर पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. साडेतीन महिन्यांनी पुन्हा मशीन बांधलं. दिवसाची सरासरी 131, झोपेतली 129. 120 अजून लांब आहे आणि रिपोर्टवर अजून 'नॉन-डिपर' लिहिलंय, पण 'रायझर' हा शब्द गेला. काकू म्हणाल्या, आता एकदाच उठतात. घोरण्याची तपासणी बाकी आहे, ती गणपतीनंतर करायचं ठरलंय.